या कामाला गॅरंटी नाही

१२ जानेवारी, सोमवार

नाही म्हणाले! आणि तेही हसत हसत.

ठमीच्या वेळी ज्यांनी सिझर केलं, त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे आज दोघं गेलो होतो. बायकोला सहावा लागलाय. खुर्चीत नीट टेकायच्या आतच ती म्हणाली, "डॉक्टर, यावेळी मला नॉर्मल करायचंय." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढून बोलणारा माणूस भाव खाली आणत नाही, हा माझा धंद्यातला अनुभव.

"एकदा सिझर, की पुढचंही सिझर. निदान माझ्याकडे तरी. एप्रिलमधली एखादी तारीख धरून ठेवू?"

मी लगेच दुकानदारी सुरू केली — काही मधला मार्ग? थोडं तुमचं, थोडं आमचं?

"मधला मार्ग नाही हो. कळांच्या जोराने आतला जुना टाका उसवला, तर उभ्या उभ्या पोट उघडावं लागतं. माझे भूल देणारे डॉक्टर फोन केल्यावर घरून निघतात. ते येईपर्यंत मी काय करू, तुमच्याशी गप्पा मारू?"

माणूस सरळ आहे. अशा माणसाचा राग येतो, पण टिकत नाही.

गाडीत सिग्नल लागल्यावर ही माझ्याकडे वळली. मग — "तुम्ही का गप्प बसलात?"

"मी कुठे गप्प होतो? मीच तर बोलत होतो!"

"मधला मार्ग मागत होतात. मला मधला नको होता."

आता इथे खरं लिहायला हरकत नाही. मला तारीख आवडली होती. तारीख ठरली की काम मार्गी लागतं. मोटर जळेपर्यंत थांबणारा मिस्त्री मी नव्हे. आवाज बदलला की मी ती खोलून टाकतो. हे तिला सांगायची माझी छाती नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबला.

"काही नसते उद्योग नकोत. एकदा पोट उघडलेलं आहे तिचं. गुमान तारीख घ्या."

"अगं, हिला वाटतं की —"

"वाटतं तर वाटू दे!" आणि मग, भाजीकडे बघत — "आतले टाके आडवे आहेत ना? विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. आईला बरं हे सगळं माहीत! दुपारभर टीव्हीसमोर असते, त्याचा परिणाम.

१८ जानेवारी, रविवार

बायको शाळेत खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाचं पोर इकडे सरळ उभं राहतं. घरात आम्हीही राहतो.

सकाळी चहा पिताना मी हळूच विषय काढला. म्हटलं, शेवटी बाळ सुखरूप आलं म्हणजे झालं ना, दारातून आलं काय, खिडकीतून आलं काय.

कप खाली ठेवला तिने. मी मनात म्हटलं, संपलो.

पण चिडली नाही. म्हणाली, "बाळ सुखरूप यावं हे तुम्हाला जितकं वाटतं त्याच्या दुप्पट मला वाटतं. त्यासाठी पुन्हा कापायला लागलं तर मी स्वतः टेबलावर चढून झोपेन. पण मागच्या वेळी सगळं माझ्यावर झालं. मी नुसती दिव्याकडे बघत पडले होते. शाळेत मी उंच उडी घेते ना मुलांची? पोरगी पळत येते, उडी मारते, बार पडतो. पडू दे! पण ती पळायच्या आधीच बार काढून कपाटात ठेवला, तर तिने करायचं काय?"

दुसरा कप घेतला.

म्हटलं, "मग दुसरं मैदान शोधू."

तेव्हा हसली. आठवड्याभरात पहिल्यांदा.

२ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं! पुलापलीकडचं मोठं हॉस्पिटल. मिस्त्रीच्या मेहुणीने सांगितलं होतं. (मिस्त्री म्हणजे आमच्या वर्कशॉपचा कणा. माझ्याआधी येतो, माझ्यानंतर जातो, आणि मला शेठ म्हणायला अजून तयार नाही.)

डॉक्टरीणबाई इतक्या उंच की दारातून येताना मी नकळत वर बघितलं, पंखा लागेल की काय म्हणून. जुने कागद शेवटपर्यंत वाचले. "आडवा छेद, खालच्या बाजूला. छान. सिझर का झालं होतं?"

"बाळ पायाळू होतं," ही म्हणाली.

"म्हणजे तुमच्यात खोट काही नव्हती. बाळ उलटं बसलं होतं, एवढंच. करून बघता येईल."

करून बघता येईल! हिने टेबलाखाली माझा हात असा दाबला की अंगठी रुतली.

मग मी माझ्या कामाला लागलो. टक्के किती? म्हणाल्या, तुमच्यासारख्या शंभरात सत्तर-पंचाहत्तर जणींना जमतं, बाकीच्यांचं मधेच सिझर होतं. टाका उसवायचं प्रमाण? दोनशेत एखादी. "कमी आहे. शून्य नाही. आणि ती एखादी कोण, हे आधी कळत नाही."

"आणि गॅरंटी?"

"तुम्ही काय करता?"

"मोटर-पंप दुरुस्ती. वाइंडिंग. एक वर्षाची लेखी गॅरंटी देतो!"

"तुमचं बरं आहे. माझ्याकडे फक्त तयारी मिळते. या कामाला गॅरंटी नाही."

मग त्यांनी एकेक अट सांगितली. कळा आपसूक सुरू व्हायला हव्यात. पहिली खरी कळ आली की निघायचं, घरी थांबून शूरपणा नाही. आल्यापासून बाळाचे ठोके सारखे यंत्रावर. थिएटर तयार, भूलवाले डॉक्टर इमारतीतच. तारीख उलटली तर आठवडाभर वाट बघायची, नंतर सिझर. "आणि मधेच मी 'चला' म्हटलं तर चला. तेव्हा चर्चा नाही. कबूल?"

"कबूल," बायको म्हणाली.

"तुमचं?"

मीही म्हटलं. पण तो आवाज माझा वाटला नाही. बेअरिंग कोरडं पडल्यासारखा आला.

दोनशेत एक. आमच्याकडे दोनशे मोटरींतली एकच परत आली तर मी खुशीत वर्कशॉपला सुट्टी देईन. पण ती एक ज्याच्या घरची, त्याच्यासाठी दोनशेपैकी दोनशे बिघडलेल्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आईने बोलणं बंद केलंय. वाढणं चालू आहे. पोळी ताटात पडते तेव्हा आवाज होतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

प्रशिक्षण शाळेचे मुख्याध्यापक वर्कशॉपवर आले होते. मे महिन्यात त्यांच्या मुलांचा निरोप समारंभ, प्रमुख पाहुणे मी! म्हणाले, "तुम्ही कसे वर आलात ते सांगा. आमच्या मुलांना उभारी येईल."

घरी आल्या आल्या आरशासमोर उभा राहिलो. "मित्रांनो, मी या जगात स्वतःच्या हिमतीवर आलो! ना कुणाचा हात, ना कुणाची ओळख!"

आतून हिचा आवाज — "झालं सुरू! ठमे, बाबांना पाणी दे, शून्यातून वर आलेत, दम लागला असेल."

आई हसल्याचं ऐकू आलं. माझे कान तिखट आहेत. बोलणं बंद असलं तरी हसणं चालू आहे म्हणायचं.

पहिलं वाक्य मात्र पक्कं. असंच ठेवणार.

५ मार्च, गुरुवार

आज एक आगाऊपणा केला.

हिची तपासणी चालली होती, मी बाहेर. डोक्यात एकच — थिएटर तयार म्हणतात, पण ऐन वेळी वीज गेली तर? उतरलो खाली, मागे गेलो. जनरेटरची शेड. तिथला इलेक्ट्रिशियन डबा खात होता. ओळख दिली. म्हटलं, "जरा चालू करून ऐकवता का?"

"गाणं आहे का ते?"

पण चालू केला! आमच्या लाइनचा माणूस, त्यालाही कुणीतरी विचारलेलं हवं होतं. मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ कानाला. डोळे मिटले. आतला आवाज असा येतो की जणू मीच आत बसलोय.

काही दोष नाही. गोल, भरदार, एकसारखा. म्हटलं, "मस्त ठेवलाय."

"दर महिन्याला लोड देऊन बघतो," तो म्हणाला. "पण तुमचं तोंड का उतरलं?"

खरंच उतरलं होतं. दोष सापडला असता तर निदान तेवढं तरी माझ्या हाताने दुरुस्त केलं असतं.

वर आलो तर बायको दारात उभी. "कुठे होतात? शर्टाला ग्रीस कसलं?"

"खाली ओळखीचे भेटले."

२४ मार्च, मंगळवार

डोकं खाली!!

डॉक्टरीणबाईंनी हाताने चाचपलं, मग सोनोग्राफी. "यावेळी सरळ बसलंय. हुशार आहे." मी त्या काळ्या-करड्या पडद्यावर काहीतरी दिसल्यासारखी मान हलवली. बायको मात्र पडद्याकडे बघून "शाब्बास!" म्हणाली, अगदी मैदानावर म्हणते तशी. नर्स दचकली.

आईला येऊन सांगितलं. "आई, डोकं खाली!" ती जिना चढत होती. थांबली, एक हात कठड्यावर, एक पोटाखाली. जिना चढताना तिचा हात नेहमी तिथे असतो. गॅसेसचा त्रास आहे म्हणते. वळून बघितलंसुद्धा नाही. "बरं," म्हणाली, आणि चढत गेली.

बरं! एवढंच!

पण रात्रीचं जेवण झाल्यावर हिच्या पाठीला तेल लावून दिलं तिने. न बोलता.

१० एप्रिल, शुक्रवार

थोरल्याचा फोन. माझा एकुलता एक मोठा भाऊ. परदेशात, मोठ्या हुद्द्यावर, दर महिन्याला एक फोन आणि त्यात तीन सल्ले.

"आई रडली माझ्याकडे फोनवर. कशाला म्हातारीला त्रास देतोस? तारीख घे ना सरळ."

"दादा, तुझ्या पोटात आहे का बाळ?"

"तुझ्या तरी आहे का?"

एक-शून्य.

पण आई रडली हे मला माहीत नव्हतं. तिच्या खोलीत गेलो. कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "आई, कशाची एवढी भीती?"

"निभावलं की सगळे म्हणतात ना, नशीब थोर, नशीब थोर. नशिबावर सोडायची गोष्ट आहे का ही?"

"नशिबावर कुठे, एवढं मोठं हॉस्पिटल आहे. थिएटर आहे, भूलवाले आहेत, जनरेटर मी स्वतः ऐकलाय."

तिने घडी अर्धी टाकून माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर तिथेच असणार? पूर्ण वेळ? बाहेर कुठे जाणार नाहीत?"

"शब्द दिलाय त्यांनी."

"पुन्हा विचार," म्हणाली. "माझ्यासाठी पुन्हा विचार."

विचारलं. शब्द पक्का. त्या नसल्या तर त्यांची जोडीदार डॉक्टर, पण हॉस्पिटल रिकामं नाही. आईला सांगितलं. मान डोलावली. आज पोळीचा आवाज झाला नाही.

२६ एप्रिल, रविवार

आजची तारीख होती. बॅग दाराशी. बॅगेत हिची शिट्टी! म्हटलं हे कशाला. म्हणाली, "शिट्टीशिवाय मला जोर लावता येत नाही."

बाळ आलं नाही.

२७ एप्रिल, सोमवार

काही नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

काही नाही. ठमी हिच्या पोटाला तोंड लावून ओरडली — "दुकान बंद आहे का?"

२९ एप्रिल, बुधवार

बायको शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारतेय, मी मागे पाण्याची बाटली घेऊन. तिच्या शाळेतली पोरं गेटवरून ओरडतात, "मॅडम, लास्ट राउंड!" वर्कशॉपमध्ये मिस्त्री विचारतो, "काय शेठ, सुरू झालं का?" पहिल्यांदा शेठ म्हणाला. दया आली असावी.

३० एप्रिल, गुरुवार

तपासणी. बाळ छान, पाणी छान, पण कळांचा पत्ता नाही. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "ठरल्याप्रमाणे सोमवारी सकाळी सिझर. जुना टाका असताना मला औषधं देऊन जबरदस्तीने कळा आणायच्या नाहीत. मधे सुरू झालं, तर उत्तमच."

म्हणजे तारीख मिळाली. मला जी हवी होती ती.

घरी आल्यावर ही न्हाणीघरात गेली आणि नळ पूर्ण सोडला. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज असतो तेव्हा तो मला कळतो. दाराबाहेर उभा राहिलो. आत जाऊन म्हणायचं तरी काय? बार कपाटात निघालाय, आणि तो कपाटात जावा असं जानेवारीत ज्याला वाटत होतं, तो मी.

आता वाटत नाही. देवा शपथ वाटत नाही. ये ना रे बाळा! ये की बाहेर! आई किती पळून आलीय, बघ तरी!

आई मागून आली. मला बाजूला सारलं, दारावर बोटाने टकटक केली. "अगं, नळ बंद कर. टाकी रिकामी होईल. सोमवार अजून लांब आहे."

२ मे, शनिवार

सुरू झालं! सकाळी ठमीला अंघोळ घालताना पहिली कळ. बादली तशीच. निघालो!!

३ मे, रविवार

आजच सगळं लिहून काढतो, नाहीतर उद्यापासून मी यात स्वतःला शूर करून टाकेन.

काल निघताना आई पायरीवर आली. विरोध करणारी तीच, पण हिला कठड्याला धरून उभं केलं, कमरेवर दोन्ही तळवे दाबले. "कळ आली की वाक, टाचांवर वजन टाक. ओठ का आवळतेस? ओरडू नको असं कोण म्हणालं तुला? ओरड!" ही ओरडली. शेजारचे तात्या पेपर घेऊन बाहेर आले. आई त्यांच्यावरही ओरडली.

पुलावर गर्दी. मी हॉर्नवर. ही मागच्या सीटवरून — "हॉर्न बंद करा, मला मोजायचंय!"

लेबर रूममध्ये गेलो तर सगळं सांगितल्याप्रमाणे. पोटावर पट्टा, पट्ट्याला यंत्र, यंत्रातून बाळाचे ठोके. घोडा दौडतोय तसा आवाज! टगडक टगडक टगडक. मी खुर्ची घेऊन यंत्राजवळच बसलो. बायकोकडे पाठ आणि यंत्राकडे तोंड, असं नंतर मला तिनेच ऐकवलं.

दुपारपर्यंत छान चाललं. नर्स म्हणाली, गळ्यातली शिट्टी काढा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहू दे, कुणाला टोचतेय?"

मग कळा वाढल्या, आणि मला ऐकू आलं. कळ चढली की ठोके उतरायचे. टगडक... टग... डक. दर कळेला. वीस वर्षं मी हेच ऐकून पैसे कमावलेत. लोड आला की मोटरचा आवाज उतरतो म्हणजे ती गेली समजायची. मी उठलो, खुर्ची पडली. "सिस्टर, बंद पडतंय! ऐका ना, लोड घेत नाहीये! टाका गेला! डॉक्टरांना बोलवा, थिएटर उघडा, कापा म्हणावं, मी सांगतोय ना, कापा!"

नर्स म्हणाली, दादा, जरा —

"जरा काय जरा! माझे कान आहेत हे!"

बायको कळ संपवून, घामाने निथळत, अगदी शांतपणे म्हणाली, "ह्यांना बाहेर काढा."

मी दारात, ती आत, आणि मधे डॉक्टरीणबाई. पळत आल्या होत्या. यंत्रातून निघालेली पट्टी त्यांनी हातावर उलगडली, सगळी, सुरुवातीपासून. एक कळ यंत्राजवळ उभं राहून ऐकली. दुसरीही ऐकली. मग मला जवळ बोलावलं.

"उतरतंय, बरोबर ऐकलंत. डोकं खाली सरकतंय, कळेबरोबर दाबलं जातंय, म्हणून उतरतंय. आता गप्प उभे राहा आणि पुढचं ऐका. कळ गेल्यावर काय होतं?"

ऐकलं. टग... डक... टगडक, टगडक टगडक टगडक! पुन्हा दौड. लगेच.

"तुम्ही उतरतानाच ऐकत होता," त्या म्हणाल्या. "चढताना ऐका. चढलं नाही, तर मी तुमची परवानगी मागायला थांबणार नाही."

मी बायकोकडे बघितलं. म्हटलं, "राहू का आत?"

"खुर्ची इकडे फिरवा आणि माझा हात धरा. यंत्र त्या बघतील."

फिरवली. आणि मग जे बघितलं त्याला मला शब्द नाहीत, तरी लिहितो. माझी बायको पळत आली. सगळ्या जानेवारी-फेब्रुवारीतून, आईच्या अबोल्यातून, त्या नळाखालच्या आवाजातून पळत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता! लावा जोर!" हिने दातात शिट्टी धरली. मला वाटलं चावायला. पण श्वास सोडला तशी ती वाजली! पहिल्या जोराला बारीक, दुसऱ्याला मोठी. नर्स हसायला लागली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हसू नका, पंच त्या आहेत!" आणि शेवटची शिट्टी — लांब, सरळ, सामना संपल्याची! बाहेर पूर्ण पॅसेजने ऐकली म्हणे. ती थांबायच्या आतच दुसरा आवाज मिसळला तिच्यात.

रडलं!

मुलगी! ठमीला बहीण!

उघड्या छातीवर ठेवली तिच्या. रक्ताळलेली, चिडलेली, मुठी आवळलेली. बायको मला म्हणाली, "बघितलंत? बार हलला पण नाही."

मी रडत होतो. "गॅरंटी नव्हती ना," एवढंच तोंडातून आलं.

"नव्हतीच," डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या. टाकाही धरलाय, सगळं नीट आहे म्हणाल्या. मग थकून स्टुलावर बसल्या. बसल्यावर त्या माझ्याएवढ्याच दिसतात.

खाली येऊन पहिल्यांदा आईला फोन केला. "आई, नॉर्मल झालं! दोघी ठणठणीत!" मला वाटलं लाइन तुटली. मग ऐकू आलं — नाक ओढल्याचा आवाज, आणि "आम्हाला न्यायला ये. ठमीला बूट घालतेय."

येताना जनरेटरवाल्यालाही सांगून आलो. त्याने माझी पाठ थोपटली, जशी काही मशीन त्यानेच चालवली होती.

५ मे, मंगळवार

उद्या घरी सोडणार. शनिवारी भाषण. म्हणून त्याचा कागद खिशात घेऊन आलो होतो, पाठ करावा म्हणून. हिच्या कॉटभोवती पडदा ओढलेला. आत आई बोलत होती, हळू. पण माझे कान.

"थोरल्याच्या वेळी मलाही कापलं होतं. दुसऱ्यांदा तारीख दिली होती. तारखेआधीच कळा सुरू झाल्या. डॉक्टर बाहेरगावी. एक नर्स आणि मी. ती म्हणाली, आता टाका धरला तर धरला. धरला. पण ती भीती अजून माझ्या अंगात आहे गं. म्हणून तुला नको नको म्हणत होते."

"ह्यांना माहीत आहे हे?"

"त्याला कशाला? स्वतःच्या हिमतीवर आलो म्हणतो. म्हणू दे."

पडद्याच्या फटीतून दिसली. मांडीवर नात. आणि मोकळा हात तिथे, नेहमीच्या जागी, पोटाखाली.

आत गेलो नाही. पॅसेजमधल्या बाकावर बसून भाषणाचं पहिलं वाक्य खोडलं. नवीन अजून सुचलेलं नाही.